जुन्या ट्रकचा स्टिअरिंग कॉलम: फुटलेला भाग सांधायचा की बदलायचा?

नटबोल्ट

घरी एक जुना पिकअप ट्रक आहे, १९८० च्या दशकातला. टिल्ट स्टिअरिंग (चाक वर-खाली कलवता येतं), गिअरचा दांडा कॉलमवरच (चाकाखालच्या नळीवर), ऑटोमॅटिक, एअरबॅग नाही. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तिसऱ्या प्रतिसादापासून धागा 'कोणाची गाडी भारी' यावर जातो. रचना त्या काळी बऱ्याच गाड्यांत असायची तीच आहे.

सहा महिन्यांपूर्वी लक्षात आलं की स्टिअरिंगचं चाक धरून वर-खाली हलवलं तर बोटभर हलतं. गोल फिरवताना काही वाटत नव्हतं, म्हणून दुर्लक्ष केलं. गेल्या आठवड्यात चावी फिरवली तर ती नुसतीच फिरली. स्टार्टर गप्प. बॅटरी नीट, फ्यूज नीट. चावीला नेहमीचा तो मागे ढकलणारा स्प्रिंगचा जोरच जाणवत नव्हता.

वरची कव्हरं काढून डोकावलो. आत करड्या रंगाचं, ओतीव धातूचं हाउसिंग आहे. टिल्टची खीळ ज्या कानात बसते तो एका बाजूचा कान तडकलाय. शिवाय चावीच्या दात्याने पुढे-मागे सरकणारी जी छोटी रॅक (दातेरी पट्टी) असते, तिचा एक तुकडा उडालाय.

कान घासूनपुसून दोन भागांचं मेटल इपॉक्सी भरलं. चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी टिल्टचा दांडा ओढला, चाक खाड्कन वर आलं आणि जोड पुन्हा सुटला.

प्रश्न एवढाच: हे वेल्डिंग करून घेता येईल का? ओळखीत वेल्डर आहे.

आर्गॉन

वेल्डिंग हाच माझा धंदा, म्हणून सांगतो: नाही.

तुमचं हाउसिंग लोखंडाचं नाही, ॲल्युमिनियमचंही नसावं. बहुधा जस्ताचं ओतीव काम आहे, ज्याला झमाक म्हणतात. जस्त आणि सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम. हे साधारण ३८० ते ३९० अंश सेल्सिअसला वितळतं. लोखंड वितळायला १५०० च्या आसपास लागतात, त्यावरून अंदाज घ्या. आर्क लावला की आधी काही होत नाही, मग अचानक सगळा कानच थेंब होऊन खाली पडतो. वर जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे आर्कखाली त्याची वाफ होणारच. तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. एकदा भोगलंय.

जस्तासाठी कमी तापमानाच्या काड्या मिळतात हे खरं. जुन्या दिव्यांच्या चौकटी, दारांच्या मुठी त्याने मीही सांधल्या आहेत. पण तिथे जोड सुटला तर मूठ हातात येते. इथे काय हातात येईल याचा विचार करा.

जुगाडू

आर्गॉनभाऊ जरा जास्तच घाबरवतायत. कानाभोवती ३ मिमी जाडीची लोखंडी पट्टी वाकवून क्लॅम्प केली, आरपार दोन बोल्ट टाकले की झालं. माझ्या जुन्या गाडीत असं केलं होतं, दोन वर्षं चालली. आणि रॅकच्या जागी खालून एक वायर आणून पुश बटण. चावीची कटकटच नको.

सुईदोरा

जुगाडू, तो कान पट्टी मावण्याइतका मोकळा नसतो हो. भोवती फिरणाऱ्या भागांना जेमतेम जागा असते. पट्टी टाकलीत तर टिल्ट अडकेल नाहीतर इंडिकेटरच्या वायरी घासल्या जातील.

नटबोल्ट, इपॉक्सी का सुटलं तेही सांगते. इपॉक्सी मोठ्या सपाट पृष्ठभागावर, सरकण्याच्या दिशेने ताण आला तर चांगलं धरतं. सोलल्यासारखा किंवा उकलल्यासारखा ताण आला की हार मानतं. त्या कानावर टिल्टच्या स्प्रिंगचा झटका नेमका उकलणारा येतो. आणि ४० वर्षांचं ग्रीस त्या ओतीवाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. कितीही पुसा, ते निघत नाही.

मी स्वतः असाच कॉलम दोनदा उघडलाय. पहिल्यांदा शिकण्यासाठी, दुसऱ्यांदा पहिल्यांदा चुकलेलं दुरुस्त करण्यासाठी. :)

वाचनमात्र

वाचतोय. आमच्याकडेही चाक असंच हलतं.

आडवापाना

धागाकर्ते, तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत आणि दोघांचं मूळ बहुधा एकच. चाक वर-खाली हलत होतं तेव्हा कान तडकला नसावा. टिल्टच्या सांध्याखाली एक आधाराचा भाग असतो, तो कॉलमच्या नळीला चार बोल्टांनी धरलेला असतो. ते बोल्ट वर्षानुवर्षांच्या ओढाताणीने ढिले होतात. लोक टिल्टचं चाक धरून गाडीत चढतात-उतरतात, हे त्यातलं मोठं कारण. बोल्ट ढिले झाले की सगळं डोकं डुलायला लागतं, खिळींवर तिरका भार येतो आणि शेवटी कमजोर धातू तडकतो. तुम्ही कान सांधलात, पण बोल्ट तसेच राहिले. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

आता सांधायचं की बदलायचं. माझा हिशेब सोपा आहे. तुमच्या हातापासून स्टिअरिंगच्या गिअर बॉक्सपर्यंत जो जोर जातो त्याच्या वाटेवर काय काय येतं ते बघा: चाक, स्प्लाइन (शाफ्टच्या टोकावरच्या खाचा, ज्यांवर चाक बसतं), शाफ्ट (कॉलमच्या आतली फिरणारी दांडी), टिल्टचा सांधा, खालचा युनिव्हर्सल जॉइंट किंवा रबर-कापडाची चकती, त्यांचे बोल्ट. या वाटेवर सांधकाम शून्य. आणि हा जोर ज्याच्या आधाराने जातो, म्हणजे बेअरिंग धरणारं हाउसिंग, खिळी, नळी, डॅशबोर्डखालचा ब्रॅकेट, तिथेही बदलच. उरलं काय? कव्हर, इंडिकेटरचा दांडा, वायरींच्या पकडी, स्विचपर्यंत जाणारी सळई. तिथे खुशाल जुगाड करा, मीच कल्पना देतो.

जुगाडूंच्या पुश बटणाबद्दल. ती रॅक फक्त स्टार्टरचा स्विच सरकवत नाही. स्टिअरिंग लॉक करणारी खीळही त्याच यंत्रणेला जोडलेली असते. रॅक तुटकी ठेवून बटणाने गाडी चालवायची म्हणजे ती खीळ कुठे आहे यावर कोणाचाच ताबा नाही. वळणावर ती लॉकच्या चकतीत जाऊन बसली तर? बटण दाबून स्टिअरिंग सुटत नाही.

जुगाडू

बरं, बटण मागे घेतो. खिळीचं लक्षात आलं नव्हतं.

पट्टीवर अजून विचार चालू आहे.

नटबोल्ट

सगळ्यांचे आभार. ठरलं, हाउसिंग आणि रॅक दोन्ही बदलायचं. हे सुटे भाग अजून नवे बनतात असं कळलं, मागवलेत.

तोवर काम सुरू केलं. बॅटरी काढली, हॉर्नची टोपी काढली. नट सुटला, पण चाक स्प्लाइनवर घट्ट. पुलर (चाक ओढून काढायचं हत्यार) नव्हता. मग नट दोन आटे लावून ठेवला, खालून गुडघ्याने चाक वर दाबलं आणि शाफ्टच्या टोकावर लाकडाचा ठोकळा धरून पाच-सहा ठोके दिले. आलं निघून. शाफ्ट आणि चाकावर खूण करून ठेवलीय, म्हणजे परत सरळ बसेल.

पुढे लॉकची चकती दाबून सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढायचीय. त्यासाठी काय वापरता?

आडवापाना

थांबा. सर्क्लिप राहू दे.

ठोके कोणत्या दिशेने दिलेत? शाफ्टच्या टोकावर, म्हणजे सरळ खाली, कॉलमच्या आत?

नटबोल्ट

हो. पण मध्ये लाकूड होतं. आटे खराब झाले नाहीत.

आडवापाना

आट्यांची काळजी नाहीच.

तुमचा शाफ्ट एकसंध सळई नाही. तो दोन तुकड्यांचा असतो, एकात एक सरकणारा. टक्कर झाली की तो दुर्बिणीसारखा आत जावा म्हणून. दोन्ही तुकड्यांची कड चपटी केलेली असते, त्यामुळे फिरवण्याचा जोर जातो. पण लांबी कोण धरतं? आरपार छिद्रांत ओतलेल्या प्लास्टिकच्या छोट्या खुंट्या. ठराविक धक्का बसला की त्या तुटायच्या, हेच त्यांचं काम. त्यांना टक्कर आणि हातोडी यातला फरक कळत नाही.

दोन गोष्टी बघा. एक, शाफ्टचं वरचं टोक धरून आत-बाहेर ओढा. गोल नाही, सरळ. दोन, कॉलम खाली जिथे बाहेर पडतो तिथे, किंवा शाफ्ट दिसत असेल तिथे, प्लास्टिकचा चुरा सापडतो का.

आर्गॉन

अरे देवा.

सुईदोरा

माझी 'पहिल्यांदा चुकलेलं' ती हीच चूक होती. म्हणून दुसऱ्यांदा उघडावा लागला. म्हटलं नव्हतं आधी, लाज वाटली. आज वाटतं, म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

नटबोल्ट

शाफ्ट आत-बाहेर होतोय. मोजलं, जवळजवळ १२ मिमी. खाली पायापाशी मॅटवर पांढरे बारीक तुकडे मिळाले. आधी वाटलं जुन्या कव्हराचे असतील. नाहीत.

म्हणजे घरात फुटकी मूठ होती, ती दुरुस्त करायला गेलो आणि दारच मोडून बसलो.

फिरवायला मात्र अजूनही बरोबर फिरतंय. तसंच ठेवून चालेल का? आतली बेअरिंग आणि सर्क्लिप वरून शाफ्ट धरतीलच ना?

जुगाडू

आता मी बोलतो. हा शाफ्ट स्टीलचा आहे, जस्ताचा नाही. म्हणजे आर्गॉनभाऊ नक्की वेल्ड करू शकतात. दोन तुकडे योग्य लांबीवर धरा, दोन टाके मारा, खेळ संपला.

आर्गॉन

करू शकतो. दहा मिनिटांचं काम. करणार नाही.

जिथे जोड हवा होता तो धातू वेल्ड होत नाही, आणि जो वेल्ड होतो तिथे जोड चालत नाही. या धाग्याची गंमतच आहे. त्या दोन टाक्यांनी शाफ्ट पुन्हा एकसंध सळई होईल. समोरून धडक बसली की ती सळई सरळ चालवणाऱ्याच्या छातीकडे येते.

कळफलक

थोडं अवांतर, पण इथे लागू आहे. जुन्या गाड्यांत खरोखरच एकसंध शाफ्ट असायचा, स्टिअरिंगच्या गिअर बॉक्सपासून थेट छातीसमोर. गिअर बॉक्स गाडीच्या अगदी पुढे असला तर समोरच्या धडकेत इंजिनाच्या आधी स्टिअरिंगच मागे यायचं. दबणारा कॉलम अमेरिकी गाड्यांत १९६७ च्या मॉडेलांपासून सर्रास आला. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून मोटारींना नियमच लागू झाला: ताशी ३० मैलांच्या धडकेत कॉलम ५ इंचांपेक्षा, म्हणजे १२७ मिमीपेक्षा जास्त मागे येता कामा नये. चावीने कॉलम लॉक होणं त्यानंतर रुळलं. १९६९ पासून जनरल मोटर्सने इग्निशन डॅशबोर्डवरून कॉलमवर नेलं. त्यामुळेच तुमच्या गाडीत चावी आणि स्टार्टरचा स्विच यांच्यामध्ये एवढी लांब सळई आहे. चावी वर, स्विच खाली कॉलमच्या पाठीवर.

वाचनमात्र

हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

आडवापाना

नटबोल्ट, 'चालेल का' याचं उत्तर: फिरेल, पण चालवू नका. शाफ्ट मोकळा झाल्यावर प्रत्येक खड्ड्यात तो खडखडणार, वरच्या बेअरिंगवर नको तो भार येणार, आणि लांबी ठरलेली नसल्याने डोक्यातला कुठलाच भाग नेमक्या जागी राहणार नाही. आधीच ते हाउसिंग कमजोर. या खुंट्या घरी पुन्हा ओतायच्या भानगडीत पडू नका. तिथे कोणतं प्लास्टिक, किती धक्क्याला तुटणारं, हे कारखान्याने ठरवलेलं असतं.

शाफ्टचा पूर्ण सेट मिळाला तर तो घाला. नाहीतर मोडीतल्या गाडीतून अख्खा कॉलम आणा आणि तुमचं नवं हाउसिंग, नवी रॅक त्यात बसवा. माझा कौल दुसऱ्याला. टेबलावर काम करायला मिळतं, पाठ वाचते.

मोडीतला कॉलम घेताना गाडी समोरून ठोकलेली नसावी. मागून किंवा बाजूने ठोकलेली चालेल, उलटलेली नको. कॉलम जागेवर असतानाच शाफ्ट आत-बाहेर ओढून बघा. डॅशबोर्डखाली ब्रॅकेट जिथे बोल्टांनी धरलेला असतो तिथे सरकणाऱ्या दोन कॅप्सूल असतात, त्याही प्लास्टिकच्या खुंट्यांनीच धरलेल्या. त्या ब्रॅकेटच्या खाचेत सारख्या बसल्यात ना हे बघा. एक पुढे, एक मागे असेल तर तो कॉलम एकदा दबलेला आहे, सोडून द्या. लांबी मोजून न्या. गिअर कॉलमवर असलेला आणि जमिनीवर असलेला कॉलम वेगळा, टिल्टचा आणि बिनटिल्टचा वेगळा. वायरींचा प्लग जुळतो का बघा.

आणि पुलर घ्या. चाकाच्या मधल्या भागात दोन आट्यांची भोकं त्याच्यासाठीच असतात. पुलर चाक ओढतो आणि शाफ्टला दाबतो, पण सावकाश आणि एकसारखा. झटका नाही.

नटबोल्ट

कॉलम मिळाला. मागून ठोकलेल्या गाडीतला. शाफ्ट घट्ट, कॅप्सूल दोन्ही सारख्या. लांबी माझ्या जुन्याच्या मूळ मापाइतकी, म्हणजे १२ मिमीचा हिशेब धरून.

टेबलावर घेतलाय. सुईदोरा, आता तुम्ही बोला. उघडायचा क्रम सांगाल?

सुईदोरा

प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. मग पुढे वाचा.

लॉकची चकती स्प्रिंगवर बसलेली असते. ती दाबायला खास प्रेस मिळतो, तो घ्या किंवा उसना आणा. दोन स्क्रूड्रायव्हरने दाबून तिसऱ्या हाताने सर्क्लिप काढणारे लोक असतात, त्यांची सर्क्लिप नंतर कपाटामागे सापडते. चकतीखाली इंडिकेटर परत आणणारा कॅम आणि स्प्रिंग. मग इंडिकेटर स्विचचे तीन स्क्रू. स्विच वायरींसकट वर उचलून बाजूला ठेवा, वायरी ओढू नका. चावीचा सिलिंडर एका स्क्रूने धरलेला असतो. तुमचा जुना सिलिंडर यात घाला, म्हणजे चावी तीच राहील.

आता सगळ्यात बेभरवशाचा भाग: टिल्टची स्प्रिंग. चाक सर्वात वरच्या स्थितीत आणूनच तिला हात लावा, तिथे ताण सर्वात कमी असतो. स्प्रिंगच्या टोपीत चौफुली खाच आहे, जाड स्क्रूड्रायव्हरने आत दाबून फिरवायची आणि हळूहळू सोडायची. तोंड समोर आणू नका. गॉगल घाला. ही स्प्रिंग पूर्ण डोकं आणि चाक उचलते, गंमत नाही.

खिळी दोन बाजूंना दोन. त्यांच्या तोंडाला बारीक आटे असतात. त्यात जुळणारा छोटा स्क्रू घाला, वर सॉकेट आणि वॉशर ठेवून स्क्रू कसत जा, खीळ बाहेर येते. इथे ठोकाठोकी केलीत तर मी या धाग्यावरून निघून जाईन.

डोकं सुटलं की ते चार बोल्ट दिसतील. बोल्टाचं डोकंच ताऱ्याच्या आकाराचं असतं, त्याला उलटं टॉर्क्स सॉकेट लागतं. बहुतेक ई-८. साध्या पान्याने डोकी गोल होतात.

नटबोल्ट

उघडला. आडवापाना, दंडवत घ्या. या 'चांगल्या' कॉलममध्येही चारपैकी दोन बोल्ट बोटांनी फिरत होते!

आडवापाना

हाच तर रोग. एकेक बोल्ट काढा, आटे साफ करा, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा डिंक) लावा. मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच टॉर्क (कसण्याचा जोर), टॉर्क रेंचने. 'हाताला कळतो' हे मी ३० वर्षं म्हणत आलो आणि माझ्याच हाताने जस्तातले आटे उपटलेत.

डोकं सुटलंच आहे तर टिल्टच्या सांध्यातले प्लास्टिकचे गोल अर्धे तुकडे बघा. झिजले असतील तर आत्ताच बदला. वरच्या बेअरिंगची रेसही बोटाने फिरवून बघा, खडखड लागली तर बदला.

जुगाडू

एक प्रामाणिक शंका. रॅकपासून स्विचपर्यंतची सळई माझ्या गाडीत गंजून बारीक झालीय. ती जाड तारेची बनवली तर?

आडवापाना

ती बनवा. वाकण मूळ सळईवर ठेवून जुळवा, लांबी अर्धा मिमीही चुकू देऊ नका, नाहीतर चावी 'ऑन'ला आणि स्विच मधेच अडकेल. तुमच्यासाठीच एक जागा राखून ठेवली होती.

नटबोल्ट

बसवला. नवं हाउसिंग, नवी रॅक, चार बोल्ट थ्रेडलॉकरसह. कॉलम गाडीत चढवताना आधी सगळे बोल्ट हाताने लावले, मग खालचा जॉइंट, मग ब्रॅकेट. ब्रॅकेटला जुनेच बोल्ट, लांबी न बदलता. चाकाचा नट मॅन्युअलप्रमाणे ४१ न्यूटन-मीटर.

तपासणी केली ती अशी. इंजिन बंद ठेवून पुढची चाकं उचलली, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत, टिल्टच्या प्रत्येक खाचेत. कुठे अडकत नाही. वर-खाली खेळ नाही. चावी प्रत्येक स्थितीत स्प्रिंगसकट. स्टार्टर फक्त पार्क आणि न्यूट्रलमध्येच घेतो. पहिल्यांदा रिव्हर्समध्येही घेत होता, मग खालचा स्विच सैल करून दोन मिमी सरकवला. चावी काढल्यावर लॉक लागतो, चावी घालून फिरवल्यावर सुटतो. मग मोकळ्या मैदानात ताशी १० किलोमीटरने चकरा मारल्या.

चाक एक स्प्लाइन डावीकडे बसलंय, ते उद्या.

आणि एक नवीनच. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजतो. मैदानातले सगळे वळून बघत होते.

सुईदोरा

कॅममधून वर येणारी हॉर्नची पिन असते. तिच्याभोवती प्लास्टिकची बारीक नळी असते, चाकाच्या धातूला पिन टेकू नये म्हणून. ती नळी घातलीत का?

नटबोल्ट

कोणती नळी?

नटबोल्ट

सापडली. शर्टाच्या खिशात होती.